वेग आणि इतर गुण : आंतरजालीय चौकटींच्या तुलनेचा एक इतिहास

'तासगाव' हा शब्द किती लांब आहे? मराठीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे, तो चार अक्षरे सांगेल. छंदःशास्त्र शिकविणारे प्राध्यापक दोन गुरू आणि दोन लघू मोजून सहा मात्रा म्हणतील. युनिकोडच्या हिशेबात काना हे स्वतंत्र चिन्ह आहे. तेव्हा तेथेही या शब्दाची चिन्हे सहाच भरतात, परंतु मात्रांशी जमलेला हा मेळ केवळ योगायोगाचा. पीएचपी या संगणकभाषेतील लांबी मोजण्याची मूळची आज्ञा मात्र याच शब्दाची लांबी अठरा सांगते. युटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि ती आज्ञा बाइट मोजते, अक्षरे नव्हेत. तिचे उत्तर क्षणार्धात येते, आणि तिला जे विचारले त्यापुरते ते अचूकही असते. प्रश्न असा की, आपल्याला तेच विचारायचे होते काय?

साहित्यचर्चेच्या या पानावर संगणकीय चौकटींचा विषय काढण्याचे निमित्त थोडे घरगुती आहे. तासगावातील एका जुन्या ग्रंथसंग्रहाची सूची आंतरजालावर आणावी, असे आम्ही काही मित्रांनी ठरविले. ही सूची पूर्वी एकदा संगणकावर चढविली गेली होती. ते काम ज्याने केले त्याने त्या काळच्या प्रथेप्रमाणे युनिकोड न वापरता एक विशिष्ट टंक वापरला होता, ज्यात रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची रूपे चढविलेली असत. पुढे तो टंक ज्या यंत्रावर होता ते यंत्र मोडीत निघाले आणि ज्याने आज्ञावली लिहिली तो गाव सोडून गेला. आमच्या हाती आली ती काही हजार ओळींची रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी. शेवटी कामाला आली ती कपाटातील हस्तलिखित पत्रके. ती लिहिणाऱ्या ग्रंथपालांचे अक्षर स्वच्छ होते, आणि स्वच्छ अक्षर वाचायला कोणताही टंक लागत नाही.

नवे काम कोणत्या चौकटीत करावे यावर आमच्यात मतभेद झाले. आमच्यातील तरुण मंडळींनी वेगाचे तक्ते पुढे केले. ते तक्ते वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, लेखनाच्या साधनांची अशी तुलना मराठीने पूर्वीही एकदा केली आहे, आणि तिची किंमतही मोजली आहे.

१. बोरूचा वेग

मोडी लिपीचे श्रेय परंपरा यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत यास देते. विद्वानांचे यावर एकमत नाही, पण मोडीच्या गुणांविषयी वाद नाही. कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यावी आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरामागून अक्षर गुंफीत जावे, ही तिची रीत. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळण्याची सक्ती नाही. बाळबोध म्हणजे देवनागरी ही पोथीची लिपी. तिच्यात प्रत्येक अक्षर सुटे आणि प्रत्येक वेलांटी ठरलेली. एकीचा गुण शीघ्रता, दुसरीचा स्पष्टता.

तासगाव हे या शीघ्रतेचे एक केंद्र होते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी येथे आपले ठाणे केले आणि गणपतीचे देऊळ बांधून त्यापुढे दक्षिणी धर्तीचे सात मजली गोपूर उभारले. म्हैसूरच्या तिसऱ्या युद्धात, १७९० ते १७९२ या काळात, भाऊ कर्नाटकात होते आणि धारवाडचा वेढा महिनोन्‌महिने चालला होता. अशा मोहिमांतून छावणी, तासगाव, मिरज आणि पुणे यांच्यामध्ये पत्रांची अखंड ये-जा असे. कारकुनाने सांगितलेले ऐकता ऐकता लिहावे आणि जासुदाने ते घेऊन निघावे, या कामाला मोडीखेरीज दुसरी लिपी पुरी पडली नसती. १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ पडले. पत्रांचे रुमाल मागे राहिले.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८९७ पासून, मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेत पटवर्धनी पत्रे बाळबोधीत उतरवून छापावयास आरंभ केला. मोडी पत्र वाचणाऱ्याला सलग ओळीतील शब्द कोठे तुटतो हे अर्थावरून ताडावे लागते, आणि अर्थ तर शब्द तुटल्यावरच लागावयाचा. कारकुनाने वाचविलेला प्रत्येक क्षण शास्त्रीबोवांनी व्याजासह फेडला. दोष कारकुनाचा नव्हे. त्याचा वाचक ठरलेला होता, आणि तो वाचक तीच लिपी, तेच संदर्भ आणि तीच माणसे जाणत होता. त्रयस्थ वाचक त्याच्या हिशेबातच नव्हता.

छपाईने हा वाद निकालात काढला. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीचे १८०५ चे मराठी व्याकरण देवनागरीत निघाले. १८१० च्या त्याच्या कोशासाठी मोडीचे खिळे वापरण्यात आले. परंतु सलग, न उचललेल्या लेखणीसाठी घडलेली अक्षरे सुट्या खिळ्यांत पाडताच त्यांचा मुख्य गुणच नाहीसा होतो. खिळा जुळविणाऱ्याला मोडीही तितकीच संथ आणि बाळबोधही तितकीच. वेगाचा लाभ संपला तेव्हा इतर गुणांकडे लक्ष गेले आणि बाळबोध जिंकली. शाळा-कचेऱ्यांतून मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली आणि मग झपाट्याने गेली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी टंचाई जाणवली, हे वाचकांना आठवत असेल. घराण्याचा दाखला कागदावर आहे, आणि तो वाचणारा गावात नाही.

या इतिहासातून एक भेद आम्ही उचलतो, तो पुढे उपयोगी पडेल. 'वेग' हा एक गुण नव्हे. लिहिणाऱ्याचा वेग निराळा, साधनाचा वेग निराळा, वाचणाऱ्याचा निराळा आणि मागाहून येणाऱ्याचा निराळा. एकाला मिळालेला वेग पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यातून वळता केलेला असतो.

२. चौकट म्हणजे काय

आंतरजालाच्या पहिल्या वर्षांत पान म्हणजे यंत्रावर ठेवलेला एक तयार कागद होता. मागणी आली की तो पाठवावयाचा. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत सीजीआय नावाचा संकेत तयार झाला आणि पान मागणीबरहुकूम तयार करून देण्याची सोय झाली. प्रत्येक मागणीला यंत्र एक नवी आज्ञावली सुरू करी, ती पान लिही आणि मरे. एक पत्र लिहिण्यासाठी रोज नवा कारकून नेमावा आणि संध्याकाळी त्याला निरोप द्यावा, असा हा कारभार होता. १९९५ मध्ये रास्मुस लर्डॉर्फ याने पीएचपी प्रसिद्ध केली. पानाच्या मजकुरातच आज्ञा लिहिण्याची तिची सोय इतकी सुलभ होती की, पुढील दहा वर्षांत लहान संकेतस्थळांची ती जणू बोलभाषा झाली.

बोलभाषेचे गुणदोष तिच्यातही आले. जो तो आपल्या रीतीने लिही. विदागारातून माहिती काढणे, वाचकाची ओळख पटविणे, पत्त्यावरून योग्य पान शोधणे ही कामे प्रत्येकाने नव्याने केली, आणि त्यांतील चुकाही नव्याने केल्या. या नित्यकर्मांची एकदाच नीट मांडणी करून ठेवावी आणि लेखकाने आपल्या विषयापुरतेच लिहावे, या विचारातून चौकटी, म्हणजे फ्रेमवर्क, जन्मल्या. पोवाडा किंवा अभंग रचणाऱ्याला जसा साचा आयता मिळतो आणि त्या साच्याचे बंधनही स्वीकारावे लागते, तसा हा व्यवहार आहे. जावाच्या जगात स्ट्रट्स आणि स्प्रिंग ही नावे २००० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली. जुलै २००४ मध्ये डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हान्सन याने रूबी भाषेतील रेल्स ही चौकट प्रसिद्ध केली, आणि पंधरा मिनिटांत एक अनुदिनी बांधून दाखविणारी तिची चित्रफीत जगभर पाहिली गेली. ध्यानात घ्यावे की, ही पंधरा मिनिटे लिहिणाऱ्याची होती. रेल्सची जाहिरात वेगाचीच होती, पण तो बोरूचा वेग होता.

त्याच सुमारास कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या लहान शहराच्या स्थानिक वृत्तपत्रात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे बातमीच्या वेळापत्रकाशी झटत होते. सकाळी कल्पना निघावी आणि संध्याकाळपर्यंत पान वाचकांसमोर यावे, ही तेथील रीत. २००३ पासून त्यांनी पायथन भाषेत जी हत्यारे घडविली ती जुलै २००५ मध्ये जँगो या नावाने सर्वांसाठी खुली झाली. जँगो रेनहार्ट या गिटारवादकाचे हे नाव. वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मल्यामुळे तिच्यात एक गोष्ट पहिल्यापासून होती : उपसंपादकाने आज्ञावलीकाराला न विचारता मजकूर भरावा व सुधारावा यासाठी एक आयती खोली. पुढे आमच्या निर्णयात या खोलीने मोठे काम केले.

मराठीपुरते पाहिले तर तिसरे नाव अधिक जवळचे आहे. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट याने २००१ मध्ये द्रुपल प्रसिद्ध केले. त्याला आपल्या स्थळासाठी डच भाषेतील 'गाव' या अर्थाचा 'डॉर्प' हा शब्द हवा होता. टंकनाच्या चुकीने तो 'ड्रॉप' म्हणजे थेंब झाला, आणि थेंबाच्या डच शब्दावरून द्रुपल हे नाव आले. २००४ नंतरच्या काही वर्षांत मनोगत, उपक्रम, मिसळपाव ही मराठी संकेतस्थळे द्रुपलवर उभी राहिली. द्रुपल वेगाबद्दल कधीच ख्यात नव्हते. एकेका पानासाठी ते विदागाराला अनेकवार हाक मारी. परंतु त्याचा सगळा दर्शनी भाग भाषांतरित करता येई, 'लॉग इन'च्या जागी मराठी शब्द घालता येत, सदस्यांचे अधिकार ठरविता येत, आणि 'गमभन'सारखी देवनागरी टंकनाची सोय त्यात बसविता येई. ज्या पिढीने महाजालावर सलग मराठी गद्य लिहावयास घेतले तिच्यातील अनेकांना आपली भाषा प्रथम या संथ चौकटीतच सापडली.

३. मोजमापाची परंपरा

वेगाची चर्चा या क्षेत्रात जुनीच आहे. १९९९ मध्ये डॅन केगेल याने एका यंत्राला एकाच वेळी दहा हजार वाचक कसे सांभाळता येतील, हा प्रश्न मांडला. इगोर सिसोएव्ह याचा एंजिनएक्स (२००४) आणि रायन डाल याचा नोड (२००९) ही त्या प्रश्नाला मिळालेली दोन नामांकित उत्तरे. हा प्रश्न खोटा नव्हता. २००६ मध्ये रेल्सवर सुरू झालेले ट्विटर २००८ च्या सुमारास इतक्या वेळा बंद पडे की, त्या प्रसंगी दिसणारे देवमाशाचे चित्र स्वतःच प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये त्यांनी शोधसेवेचा दर्शनी भाग रेल्सवरून जावावर नेला आणि तो कितीतरी वेगवान झाला. फेसबुकने २०१० मध्ये पीएचपीचे सी++ मध्ये रूपांतर करणारे हिपहॉप जाहीर केले. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी लाखो विद्यार्थी एकाच क्षणी एकच पान मागतात, तेव्हा वेगाची थट्टा करणे कोणालाही परवडणार नाही.

तरीही त्याच रेल्सवर शॉपिफाय (२००६) आणि गिटहब (२००८) वाढली, आणि जँगोवर इन्स्टाग्राम (२०१०) वाढले. तेव्हा चौकटीचा वेग आणि संस्थेचे भवितव्य यांचे नाते तक्ता सांगतो तितके सरळ नाही.

असा सर्वांत ख्यात तक्ता कॅलिफोर्नियातील टेकएम्पॉवर या संस्थेने मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे अनेक फेऱ्यांत वाढविला. एकाच यंत्रसामग्रीवर शेकडो चौकटी चालवून प्रत्येकीने सेकंदाला किती मागण्या पुऱ्या केल्या हे त्यात मोजलेले असे. कसोट्या ठरलेल्या होत्या : नुसता साधा मजकूर पाठविणे, विदागारातून एक ओळ काढणे, अनेक ओळी काढणे, ओळी बदलणे इत्यादी. साध्या मजकुराच्या कसोटीत अग्रणी चौकटींचे आकडे दशलक्षांच्या घरात गेले. या उपक्रमाचा प्रामाणिकपणा असा की, परीक्षेपुरती कातरून घेतलेली आज्ञावली आणि प्रत्यक्ष वापरातील आज्ञावली यांना तेथे वेगवेगळ्या खुणा लावल्या जात. गुणांसाठी पाठ केलेले उत्तर आणि समजून लिहिलेले उत्तर हा भेद शिक्षकांना समजावून सांगावयास नको.

त्या कसोट्यांपैकी एक आम्हांला विशेष वाटते. तिचे नाव 'फॉर्च्यून्स'. विदागारातील काही सुभाषितवजा ओळी काढाव्या, त्यांत एक ओळ ऐन वेळी घालावी, सर्वांचा अनुक्रम लावावा आणि पान करून पाठवावे, एवढेच तिचे काम. परंतु त्या ओळींतील एक जपानी भाषेत होती, आणि दुसरीत वाचकाच्या यंत्रावर घुसू पाहणारी एक लबाड आज्ञा दडविलेली होती. जपानी ओळ मोडता कामा नये आणि लबाड आज्ञा निष्प्रभ व्हावी, अशी अट होती. शर्यतीच्या मैदानात कोणीतरी भाषेचे आणि सावधपणाचे भान असे पेरून ठेवले होते. देवनागरी ओळ मात्र तेथे नव्हती.

आता आमच्या सूचीपुरता हिशेब पाहा. तासगावातून अमेरिकेतील यंत्राकडे मागणी जाऊन परत येण्यास साधारण पाव सेकंद लागतो. दोन चौकटींच्या स्वतःच्या कामातील अंतर बहुधा काही मिलिसेकंदांचे असते. म्हणजे यंत्र मुंबईत घेतले तर जो लाभ होतो त्याच्यापुढे चौकट बदलून होणारा लाभ नगण्य ठरतो. मोठी चित्रे टाळल्याने होणारा लाभही तसाच मोठा. दुसरे असे की, पन्नास ग्रंथांची यादी दाखविताना प्रत्येक ग्रंथाच्या लेखकासाठी विदागाराला वेगळी हाक मारली तर एका पानासाठी एक्कावन्न फेऱ्या होतात. नीट लिहिले तर एक किंवा दोन. हा दोष कोणत्याही चौकटीत करता येतो आणि कोणत्याही चौकटीत टाळता येतो. संथपणाचे खापर आपण पुष्कळदा वृत्तावर फोडतो, कवितेवर नाही.

४. तक्त्यात न मावणारे गुण

वेगाचा विचार बाजूस ठेवून आम्ही निवडक चौकटींना मराठीचे काही साधे प्रश्न विचारले. उत्तरे बोधप्रद होती.

पहिला प्रश्न लांबीचा, जो आरंभी आला. शीर्षक लांब असेल तर ते ठराविक ठिकाणी तोडून पुढे तीन टिंबे देण्याची प्रथा आहे. बाइट मोजून तोडले तर देवनागरी चिन्हाचे तीन तुकडे होऊन एखादा वाटेतच राहतो आणि शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्हाची चौकोनी कवडी उमटते. युनिकोडची चिन्हे मोजून तोडले तरी 'तासगाव'चे पाचवे चिन्ह काना आहे. चारवर तोडल्यास 'तासग' उरते. वाचकाच्या दृष्टीने अक्षर मोजणारी आज्ञा पीएचपीत २००९ पासून उपलब्ध आहे, पण ती मागावी लागते. आयती मिळते ती अठरा सांगणारी.

येथे पीएचपीच्या इतिहासातील एक अध्याय सांगणे अगत्याचे आहे. भाषेच्या मुळाशीच युनिकोड घालणारी सहावी आवृत्ती २००५ पासून घडत होती. काम रेंगाळले, स्मृतीचा आणि वेळेचा खर्च वाढला, आणि २०१० मध्ये तो प्रयत्न सोडून देण्यात आला. सहावी आवृत्ती कधी निघालीच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये एकदम सातवी आली आणि तिची कीर्ती झाली ती वेगासाठी : पूर्वीच्या आवृत्तीपेक्षा जवळजवळ दुप्पट. आम्ही यात कोणाचा कट पाहत नाही. युनिकोडची साधने वेगळ्या पुरवण्यांतून मिळत होतीच. परंतु एका मोठ्या ग्रंथाचे सहावे प्रकरण भाषांविषयी असावे, ते गाळले जावे आणि सातव्याने वेगाचे बक्षीस मिळवावे, यात त्या काळाचा कल स्पष्ट दिसतो.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. जँगोमध्ये लेखाच्या शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार करण्याची सोय आहे. आरंभी ती रोमन अक्षरेच ओळखी. मराठी शीर्षक दिले तर हाती शून्य येई. २०१५ च्या अखेरीस निघालेल्या १.९ या आवृत्तीत युनिकोड चालविण्याची मुभा मिळाली. आम्ही उत्साहाने 'तासगाव' दिले. उत्तर आले : 'तसगव'. कारण असे की, पायथनच्या नमुनाशोधक साधनात 'शब्दातील अक्षर' याची जी व्याख्या आहे तिच्यात व्यंजने आणि स्वर बसतात, काना-मात्रा-वेलांटी बसत नाहीत. ती चिन्हे कचरा समजून झाडली जातात. या हिशेबाने 'मान', 'मीन', 'मेन' आणि 'मौन' यांचा पत्ता एकच : 'मन'. मोडीने निदान ऱ्हस्वदीर्घच सोडले होते.

तिसरा प्रश्न अनुक्रमाचा, आणि सूचीचा तर प्राणच तो. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडच्या क्रमाने तो 'ल'च्या लगेच पुढे आहे. तेव्हा नुसत्या संकेतक्रमाने लावलेली यादी काल, काळ, काव्य, कास, काहूर अशी लागते. मराठी कोशात मात्र 'काळ' हा 'काहूर'नंतर शोधावयाचा. आंतरराष्ट्रीय नियमसंग्रहांतून मराठीचा क्रम मिळविता येतो, आणि पोस्टग्रेस्क्यूएल या विदागारात २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून त्याची सोय आहे. पण ती चालू करावी लागते आणि तिने अनुक्रम लावण्यास थोडा अधिक वेळ लागतो. वेगाच्या तक्त्यात हा वेळ तोटा म्हणून दिसेल. ग्रंथपालाच्या दृष्टीने तो कामाचा मोबदला आहे.

चौथा प्रश्न बदल सोसण्याचा. तासगाव तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. १९३० सालच्या पुस्तकावर 'जि. सातारा' छापले आहे, १९५५ च्या पुस्तकावर 'जि. दक्षिण सातारा', आणि १९७० च्या पुस्तकावर 'जि. सांगली'. आरंभी सूचीत जिल्ह्यासाठी एकच रकाना ठेवला आणि पुढे 'छापील जिल्हा' व 'आजचा जिल्हा' असे दोन करावे लागले, तर आधीच्या हजारो नोंदी न बिघडता रचना बदलता आली पाहिजे. चौकटीत यासाठी टप्प्याटप्प्याने रचना बदलण्याची व्यवस्था असते. रेल्सकडे ती लवकर आली. जँगोकडे २०१४ पर्यंत ती स्वतःची नव्हती. बाहेरून जोडण्याचे जे साधन सर्वमान्य होते त्याचे नाव, योगायोग पाहा, 'साऊथ' असे होते. दक्षिण सातारा आणि साऊथ, दोन्ही मधले टप्पेच ठरले. पण मधला टप्पा ज्या व्यवस्थेत नोंदवून ठेवता येतो तीच व्यवस्था पुढे टिकते.

५. निवड

शेवटी आम्ही जँगो घेतले. वेगाच्या तक्त्यात ते बरेच खाली आहे, आणि वर दाखविल्याप्रमाणे त्याने गावाच्या नावातील काने खाल्ले होते. त्यावर तोड सोपी निघाली. पत्त्यात शीर्षक न घालता ग्रंथाचा दाखल क्रमांक घातला. ग्रंथपालांच्या पत्रकांवर तो कोपऱ्यात तांबड्या शाईने लिहिलेला होताच. निवडीची कारणे तीन. पायथन जाणणारे दोघे तरुण तालुक्यातच आहेत. नोंदी भरण्याची आयती खोली असल्याने संग्रहातील सेवकाला आमच्यावर विसंबावे लागत नाही. आणि सर्व विदा साध्या युनिकोड मजकुराच्या रूपाने केव्हाही बाहेर काढता येते. म्हणजे उद्या आम्ही नसलो, ही चौकट नसली, तरी मागचा प्रसंग पुन्हा ओढवू नये.

या तिसऱ्या कारणापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. चौकटींचे आयुष्य ग्रंथांच्या मानाने फार थोडे असते. २००५ मध्ये ज्यांची नावे घेतली जात त्यांपैकी कित्येक आज कोणी वापरत नाही, आणि आजच्या अग्रणींचेही तेच होणार. ग्रंथालयाच्या पत्रकाला मात्र साठ-सत्तर वर्षे जगावयाचे असते. तेव्हा तुलना करताना पहिला प्रश्न 'ही किती वेगाने धावते' हा नसून 'हिच्यातून बाहेर कसे पडता येते' हा असावा, असे आमचे मत झाले आहे. युनिकोडने २०१४ मध्ये सातव्या आवृत्तीत मोडीलाही जागा दिली. जी लिपी खिळ्यांत मेली ती संकेतांत पुन्हा उभी राहू शकली. कारण तिची अक्षरे कागदावर शाबूत होती आणि ती ओळखणारे थोडे का होईना, लोक उरले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना या सगळ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न उरतो. आपल्या सूची, आपले कोश, आपल्या नियतकालिकांचे जुने अंक आता याच चौकटींत चढविले जात आहेत, आणि ते काम बहुधा कंत्राटाने होते. कंत्राटाच्या बैठकीत वेगाचा आकडा सांगणारा कोणीतरी असतोच. तेथे आपल्यापैकी कोणी असेल तर त्याने चार प्रश्न विचारावेत : 'तासगाव' किती अक्षरांचे, 'काळ' कोणत्या ओळीत येतो, जिल्ह्याचे नाव बदलले तर काय होईल, आणि दहा वर्षांनी हा मजकूर साध्या अक्षरांत परत मिळेल काय. हे प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. भाषा येत असली म्हणजे पुरते. उत्तरे समाधानकारक आली तर मग वेगाकडे अवश्य वळावे.

आमची सूची उघडायला एखादा क्षण लागतो. जुनी हस्तलिखित पत्रके आम्ही टाकली नाहीत. ती त्याच कपाटात, दाखल क्रमांकाने लावून ठेवली आहेत.